दुसऱ्या कॉर्नेटची खुर्ची

लुई आर्मस्ट्राँगचे 'सॅचमो' हे आत्मकथन १९५४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडलेली होती. युरोपचे दौरे झाले होते, हॉलिवूडचे चित्रपट झाले होते, १९४९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले होते. सांगण्यासारखे पुष्कळ होते. तरीही हे पुस्तक १९२२ च्या ऑगस्ट महिन्यात संपते. नुकतीच एकविशी पूर्ण केलेला एक तरुण न्यू ऑर्लिन्सहून आगगाडीने शिकागोला निघतो. वाटेत खायला आईने माशाचे सँडविच बांधून दिलेले असते. शिकागोच्या लिंकन गार्डन्स नावाच्या नृत्यगृहात तो जो ऑलिव्हरच्या बँडमध्ये दाखल होतो, आणि पुस्तक मिटते. इतर चरित्रकार ज्या ठिकाणाहून खरी सुरुवात करतील, त्याच ठिकाणी हा माणूस थांबतो.

एम.ए.च्या वर्गात चरित्र-आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना मला हे पुस्तक नेहमी आठवते. कोणत्याही कलावंताच्या चरित्रावर विद्यार्थ्यांना लिहायला सांगितले की पहिल्या भागाला ते न चुकता एकच मथळा देतात: 'संघर्षाचा काळ'. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपली बहुतेक चरित्रे याच साच्यातून निघालेली आहेत. दारिद्र्य, अवहेलना, एखादा कनवाळू हितचिंतक, एके दिवशी मिळालेली संधी आणि मग कीर्ती. या मांडणीत सुरुवातीच्या वर्षांचे काम एवढेच, की पुढच्या यशाची चमक त्यांनी वाढवावी. अंधार जितका गडद तितका दिवा तेजस्वी. त्या वर्षांत तो माणूस रोज नेमके काय करीत होता, कोणाशेजारी बसत होता, त्याच्या कानावर काय पडत होते, हे विचारण्याची आपल्याला गरजच वाटत नाही.

माझे म्हणणे असे की आर्मस्ट्राँगच्या बाबतीत ती वर्षे पूर्वतयारीची नव्हतीच. एका शहरातल्या सामान्य बँडांमध्ये, मागच्या किंवा बाजूच्या खुर्चीवर बसून त्याने जे केले, त्यातच त्याची कला घडली. पुढे जगाने जे ऐकले तो त्याचा परिणाम होता. आपले पुस्तक कुठे संपवायचे हे ठरवताना त्याला हे पक्के ठाऊक असावे.

आर्मस्ट्राँगची दंतकथा बहुतेकांना माहीत असते. आपला जन्म ४ जुलै १९०० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी आणि तोही शतकाच्या उंबरठ्यावर झाला, असे तो आयुष्यभर सांगत आला. त्याच्या मृत्यूनंतर १९८० च्या दशकात चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे सिद्ध झाले. दंतकथेतला दुसरा प्रसंग पिस्तुलाचा. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात, अकरा वर्षांच्या लुईने घरातले पिस्तूल रस्त्यावर हवेत झाडले. पोलिसांनी धरले आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे त्याच्या हाती कॉर्नेट आले. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचेच आखूड, गुटगुटीत भावंड. एक गोळी सुटली आणि जॅझचा जन्म झाला, अशा थाटात ही गोष्ट सांगितली जाते.

गोष्ट खोटी नाही, पण ती घाईने सांगितली जाते. सुधारगृहात गेल्यागेल्या लुईच्या हाती कॉर्नेट मुळीच आले नाही. संगीतशिक्षक पीटर डेव्हिस यांचे या मुलाविषयी सुरुवातीला बरे मत नव्हते. बदनाम वस्तीतला पोरगा, हा वाह्यातच असणार, असा त्यांचा कयास होता. काही काळाने त्यांनी त्याला बँडमध्ये घेतले ते खंजिरी वाजवायला. मग ढोल मिळाला. मग आल्टो हॉर्न, म्हणजे बँडमध्ये मुख्य चाल कधीही न वाजवणारे, मधल्या पट्टीत भरणा करणारे वाद्य. मग बिगूल. कॉर्नेट सर्वांत शेवटी. जून १९१४ मध्ये लुई तिथून सुटला तेव्हा तो त्या बँडचा म्होरक्या झालेला होता.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पीटर डेव्हिस यांनी तो काही शास्त्र म्हणून आखला नसेल. पण त्याचा परिणाम असा झाला की मुख्य चाल हाती येण्यापूर्वी या मुलाने ती खालून आणि मधून ऐकली होती. आधी ताल सांभाळला, मग दुसऱ्याच्या सुराला आधार देणारा सूर धरला. त्याआधी रस्त्यावर चार मुलांच्या चौकडीत तो गाणी म्हणून पैसे मिळवत असे, तेव्हाही चार आवाजांत आपला आवाज कुठे बसतो हे त्याला शोधावे लागलेच असणार. आपल्याकडे तमाशात किंवा शाहिराच्या मागे उभे राहून झील ओढणारा मुलगा जे शिकतो, तेच हे शिक्षण. झीलकऱ्याला शाहिराचा श्वास कुठे संपतो हे कळावे लागते. त्याच जागी त्याला सूर उचलायचा असतो.

सुधारगृहाबाहेरचे शहरही एक मोठी बँडशाळाच होते. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांची परस्परसाहाय्य मंडळे असत. वर्गणी भरायची, आजारपणात मदत मिळायची आणि मेल्यावर वाजतगाजत अंत्ययात्रा निघायची. स्मशानाकडे जाताना संथ भजने, परतताना नाचरे ठेके. बँडच्या मागोमाग लोकांची जी झुंड चाले तिला 'सेकंड लाइन', म्हणजे दुसरी रांग म्हणत. वादकांची वाद्ये उचलून धरणारी, ठेका धरून नाचणारी, ऐकणारी ही रांग. लुई त्याच रांगेत वाढला. दिवसा खेचराच्या गाडीवरून कोळसा पोचवण्याचे काम. स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीत कोळसा टाकायला गेला की तो रेंगाळत उभा राही, कारण तिथल्या एका गुत्त्यात जो ऑलिव्हर कॉर्नेट वाजवीत असे.

ऑलिव्हर हा त्या काळी शहरातील अग्रगण्य कॉर्नेटवादकांपैकी एक. लुई त्याच्या बायकोची बाजारहाटाची कामे करून देई आणि त्या बदल्यात ऑलिव्हर त्याला धडे देई. पुढे त्याने आपले जुने कॉर्नेट या मुलाला देऊन टाकले. लुई त्याला 'पापा जो' म्हणे. बाप घर सोडून गेलेल्या मुलाने उच्चारलेला हा शब्द नुसता लाडाचा नसावा. आपल्या गुरुकुलातल्या शिष्याला ही देवाणघेवाण ओळखीची वाटेल: पाणी भरायचे, निरोप पोचवायचे, आणि गुरूच्या मर्जीने सूर मिळवायचे. फरक इतकाच की इथे घराण्याचा दिमाख नव्हता. दोघेही पोटासाठी वाजवणारे होते. १९१७ च्या नोव्हेंबरात नौदलाच्या दबावामुळे स्टोरीव्हिल बंद झाले, कामे आटली आणि वादक उत्तरेकडे सरकू लागले. ऑलिव्हर शिकागोला गेला तेव्हा ट्रॉम्बोनवादक किड ओरीच्या बँडमधली त्याची जागा रिकामी झाली. ओरीने ती लुईला दिली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा गुरूच्या खुर्चीवर बसला.

तिथून तो गेला फेट मॅरेबलच्या बँडमध्ये, मिसिसिपी नदीवरच्या सहलीच्या आगबोटींवर. हा पियानोवादक कडक शिस्तीचा होता आणि त्याच्या बँडमध्ये कागदावरची स्वरलिपी वाचूनच वाजवावे लागे. लुईला ती नीट येत नव्हती. डेव्हिड जोन्स या सहवादकाने फावल्या वेळात त्याला वाचायला शिकवले. १९१९ ते १९२१ या काळातील हे शिक्षण पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदात शिरताना त्याच्या कामी आले. डेव्हिड जोन्सचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? आर्मस्ट्राँगवरच्या पुस्तकात ते दीड ओळीत येते आणि जाते. मात्र तो बोटीवर नसता तर काय झाले असते, हा प्रश्न पिस्तुलाच्या गोळीइतकाच मोठा आहे.

मग आले शिकागो. ऑलिव्हरने त्याला बोलावून घेतले ते दुसरा कॉर्नेटवादक म्हणून. न्यू ऑर्लिन्स शैलीच्या बँडमध्ये सामान्यतः एक कॉर्नेट असे. ते मुख्य चाल वाजवी, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलीसारखे चढे आणि ट्रॉम्बोन खालून घसरत साथ देई. या तिघांच्या मध्ये फारशी मोकळी जागा नसते. त्यात ऑलिव्हरने आणखी एक कॉर्नेट आणून बसवले. दुसऱ्या कॉर्नेटने काय वाजवायचे? पहिल्यावर कुरघोडी करायची नाही, त्याची नक्कल करायची नाही, क्लॅरिनेटच्या वाटेत यायचे नाही आणि तरी आपण असल्याचे सार्थक करायचे. बँड एकाएकी थांबे आणि दोन मात्रा-चार मात्रांच्या त्या पोकळीत हे दोघे हातात हात घालून एखादी करामत वाजवीत. आधी ठरवल्याशिवाय हे जमते कसे, याचे श्रोत्यांना कोडे पडे. ऑलिव्हर आधीच्या ओळीतच बोटांनी वा सुरांनी खुणावत असे आणि लुई ते टिपून त्याला साजेसा जोडसूर ऐनवेळी रचत असे.

माझ्या मते आर्मस्ट्राँगच्या प्रतिभेची खरी कसोटी इथे आहे. एकट्याने चमकणे तुलनेने सोपे. दुसऱ्याच्या मनातला सूर तो वाजण्याआधी ऐकून आपला सूर त्याच्या बाजूला नेमका ठेवणे, यासाठी जे कान लागतात ते पहिल्या खुर्चीवर बसून तयार होत नाहीत. आपल्या मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याला हे माहीत असते. गुरूने स्वर सोडला की तो उचलायचा, पण गुरूने पुढे काय योजले आहे त्याच्या आड यायचे नाही. एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे, जेनेट कंपनीच्या रेल्वेमार्गालगतच्या स्टुडिओत, 'चाइम्स ब्लूज' या रचनेत आर्मस्ट्राँगचे पहिले एकल वादन मुद्रित झाले. ते ऐकताना त्याचा आत्मविश्वास जाणवतोच; पण त्याच सत्रांतल्या इतर रचनांत दोन कॉर्नेटांचे गुंफलेले आवाज ऐकले, की मला ते एकल वादन म्हणजे दुसऱ्या खुर्चीवर जमवलेल्या पुंजीतला पहिला खर्च वाटते.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. ऑलिव्हरच्या बँडमध्ये पियानो वाजवणारी लिल हार्डिन हिने १९२४ मध्ये आर्मस्ट्राँगशी लग्न केले आणि या दुसऱ्या खुर्चीवरून उठण्यासाठी त्याच्या मागे टुमणे लावले. लुई आपल्यापेक्षा सरस वाजवतो हे ऑलिव्हरला कळले होते आणि तो शेजारी आहे तोवर आपले राजेपद सुरक्षित आहे असा त्याचा हिशोब होता, असे तिने पुढे सांगितले. बँडमध्ये पैशांवरूनही तंटे झाले. लिलचे म्हणणे बरोबर होते. तिने तगादा लावला नसता तर कदाचित आर्मस्ट्राँग बरीच वर्षे गुरुभक्तीत गुंतून राहिला असता. तो त्याच वर्षी न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनकडे गेला, आणि १९२५ च्या नोव्हेंबरपासून 'हॉट फाइव्ह' या नावाने त्याने जे मुद्रण केले त्याने जॅझचा नकाशा बदलला. दुसरी खुर्ची शिकवते तशीच अडकवूनही ठेवते. शिष्याला पन्नाशीपर्यंत मागेच बसवणारे गुरू आपणही पाहिले आहेत. तेव्हा दुय्यमपणाची पोथी लिहिण्याचा माझा हेतू नाही.

त्या सुरुवातीच्या काळाला सोनेरी चौकट घालण्याचाही नाही. सुधारगृह हा अखेर तुरुंगच होता. आगबोटीवरचे वादक कृष्णवर्णीय असले तरी सेंट लुईसला त्यांच्या समाजाने त्याच बोटीवर पाय ठेवायचा तो फक्त सोमवारी रात्री. पुढे १९५६ मध्ये लुइझियाना राज्याने गोऱ्या-काळ्या कलावंतांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी घातली, तेव्हा आपला मिश्र वाद्यवृंद घेऊन तिथे वाजवता येणार नसेल तर आपण जन्मगावी वाजवणार नाही, अशी भूमिका आर्मस्ट्राँगने घेतली आणि १९६५ पर्यंत पाळली. ज्या शहराने त्याला वाजवायला शिकवले त्याच शहराकडे त्याने नऊ वर्षे पाठ फिरवली. दरम्यान १९६४ मध्ये त्याचे जन्मघर पाडून टाकण्यात आले होते. शहरावरचे प्रेम आणि शहरावरचा राग या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे 'संघर्षाचा काळ' या मथळ्यात मावत नाही.

आणि ऑलिव्हर? त्याच्या हिरड्यांना रोग जडला. कॉर्नेटवादकाचे तोंड गेले म्हणजे सर्वस्व गेले. महामंदीत त्याचे बँड मोडले आणि तो जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हाना शहरात येऊन अडकला. १९३७ मध्ये दौऱ्यावर असलेल्या आर्मस्ट्राँगला तो तिथे भाजीपाला विकताना भेटला. आर्मस्ट्राँगने जवळचे पैसे त्याला दिले. पुढच्या वर्षी, १० एप्रिल १९३८ रोजी, ऑलिव्हर वारला. अखेरच्या दिवसांत तो एका खेळघरात झाडलोट करीत असे. आर्मस्ट्राँगची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका कोणती असे विचारले तर बहुतेक जाणकार १९२८ च्या 'वेस्ट एंड ब्लूज'चे नाव घेतील. तिच्या आरंभी एकट्या ट्रंपेटची जी झेप आहे तिच्यावर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली आहेत. ती रचना जो ऑलिव्हरची आहे. हे मुद्रिकेवर छापलेले असूनही आपण वाचत नाही.

हा न वाचण्याचा प्रश्न केवळ अमेरिकेचा असता तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. १९२६ मध्ये शिकागोच्या अर्स्किन टेट वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर मुद्रण करणारा टेडी वेदरफर्ड नावाचा एक पियानोवादक होता. तो पुढे आशियात आला आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. १९४५ मध्ये कोलकात्यात त्याचा मृत्यू झाला. आर्मस्ट्राँगच्या शेजारचा माणूस असा आपल्या किनाऱ्याला लागला. त्याच्यासारख्यांचे वादन ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत मुंबईतले गोमंतकीय वादक जॅझ शिकले. ही मंडळी कोरी नव्हती. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त्रींनी त्यांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलेले होते. पीटर डेव्हिसचेच हे गोमंतकीय भाऊबंद म्हणायचे.

त्यांच्यातला हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवी. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात बँड आणि दिवसा चित्रपटांचे स्टुडिओ, असे त्याचे आयुष्य. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांचा तो साहाय्यक होता. १९५१ च्या 'अलबेला'मधील 'शोला जो भडके' या गाण्यात तो आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतातही. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरून निघालेला सूर शिकागो, ताजमहाल हॉटेल आणि हळदोणे अशी वळणे घेत मराठी संगीतकाराच्या चालीत येऊन मिसळला. आपण त्या गाण्यावर पाय नाचवले, संगीतकाराचे नाव घेतले, गायिकेचे नाव घेतले. वाजवणाऱ्यांची नावे त्या काळच्या श्रेयनामावलीत सहसा नसत आणि आपल्यालाही ती विचारावीशी वाटली नाहीत. सिनेसंगीतावरची मराठी पुस्तके चाळली तर 'साथीदार', 'वादक मंडळी' अशा शब्दांत अख्खी पिढी गुंडाळलेली आढळते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कलावंताचे चरित्र लिहिणाऱ्याने पहिल्या भागाचे 'संघर्ष' हे नाव पुसावे आणि तिथे वादकांची यादी लिहावी. कोणी शिकवले, कोणी शेजारी बसून वाचायला लावले, कोणाची खुर्ची मिळाली, आणि ती खुर्ची सोडताना कोण मागे राहिले. यामुळे थोर माणसाची थोरवी उणावत नाही. ती कशाची बनलेली आहे ते कळते.

सुधारगृहाच्या बँडचे एक जुने छायाचित्र आर्मस्ट्राँगवरच्या पुस्तकांतून हमखास छापले जाते. गणवेशातली, वाद्ये धरून उभी असलेली मुले. मागच्या रांगेतला लुई वाचकाला दाखवून दिला जातो. बाकीच्यांवरून आपली नजर तशीच घसरते. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात निदान एक जुनी रीत अजून टिकून आहे: समूहचित्राखाली 'बसलेले, डावीकडून' आणि 'उभे, डावीकडून' असे लिहून एकूण एक नाव छापतात. मुद्रिते तपासताना हे काम मला वर्षानुवर्षे कंटाळवाणे वाटत आले. आता वाटत नाही.